लांडग्याचा खिसा

वीतभर लांडगा. पायांत तारेचे सांधे,
डोळे काचमण्यांचे, त्यातला डावा जरा तिरका.
टेबलावर तो उभा, आणि मी त्याच्याभोवती
कॅमेरा घेऊन फिरतेय सकाळपासून.
एकशे बारा फोटो.
संगणक त्यांची मोट बांधील,
मग हा जुन्या कार्टूनमधला पान कुडवा
माझ्या गेममध्ये चालायला लागेल.

वूच शहरात गिरण्यांचे मॉल झाले,
बाहुल्यांच्या स्टुडिओची तीन कपाटं उरली.
किल्ली मागितली की देतात.
डांबरगोळ्यांचा वास मात्र फुकट.

पडद्यावर कोटाच्या आत, उजवीकडे, एक फुगवटा.
चूक समजून मी तो घासून सपाट केला.
पुन्हा फोटो काढले. पुन्हा आला.
तेव्हा कुठे मी खऱ्या कोटाची बटणं काढली
(खसखशीएवढी बटणं, आणि प्रत्येकाला काज!)
तर अस्तराला खिसा.
नऊच्या नऊ भागांत एकदाही न दिसलेला,
दुहेरी टीप घातलेला खिसा,
आणि खिशात नखाएवढा पिवळा कागद:
मांस. तीनशे ग्रॅम. डिसेंबर.

गेनोव्हेफाबाई शिमचाक, वय एक्याऐंशी,
चौथा मजला, लिफ्ट बंद.
मी कागद पुढे केला तशी म्हणाल्या,
"म्हणजे पडला नाही तर. टीप चांगली होती."

रेशनकार्डाचं कूपन हे, खरंखुरं.
त्या वर्षी दुकानात आकडे टांगलेले आणि आकड्यांवर काही नाही;
कुणी "आलं रे आलं" ओरडलं
की लोक आधी रांगेत उभे राहत
आणि मग विचारत, काय आलं?

"पटकथेत एक ओळ होती," बाई सांगतात,
"लांडगा आता मेंढरं खात नाही.
का, ते लिहिलं नव्हतं.
लेखकाला विचारलं, तो म्हणाला, मुलं विचारत नाहीत.
दिग्दर्शक म्हणाला, तुम्ही कोट शिवा.
मग मी कोट शिवला."

आणि त्या महिन्यात तुम्ही?
"बीट," त्या म्हणाल्या. "बीटही बरं असतं."

गेममध्ये मी एक बटण वाढवलं.
दाबलं की लांडगा कोटात हात घालतो,
काहीतरी चाचपतो, हात बाहेर काढतो.
एवढंच. गुण मिळत नाहीत, दार उघडत नाही.
इग्नात्सी म्हणाला, उपयोग नाही तर काढून टाक,
मी हो म्हणाले, आणि विसरल्यासारखं केलं.

पोझनानच्या जत्रेत आम्ही आठ पडदे मांडले होते.
एक मुलगी, दात पडलेली, स्वेटर उलटा घातलेली,
मेंढरांकडे गेलीच नाही.
चौकात मी एक खाटकाचं दुकान रंगवलं होतं,
नुसतं चित्र, मागे काही नाही,
शटरला कुलूपसुद्धा दिलं नव्हतं.
तिथे तिनं लांडगा नेला,
खिशात हात घातला,
आणि उभी राहिली.

पाच मिनिटं. दहा.
शेजारच्या पडद्यावरचा मुलगा आपला लांडगा घेऊन आला,
तिच्या मागे थांबला.
मग आणखी एक. मग एक बापय्या,
हातात कॉफी, पोराला बोलवायला आलेला.
बंद शटरपुढे आठ लांडगे,
कुणी पुढे घुसत नव्हतं,
आणि मला धावत जाऊन सांगावंसं वाटलं
की आत दुकान नाहीये, मी केलंच नाही.

सांगितलं नाही. रात्री दुकान करायला बसले.

गेनोव्हेफाबाईंना फोनवर चित्रफीत दाखवली.
चष्मा कपाळावर होता, तो त्या खाली घेईनात,
डोळे बारीक करून रांग पाहत राहिल्या,
बोटानं मोजली, दोनदा.
मग शाल सारखी केली,
उठायच्या बेतात असल्यासारख्या,
आणि मला विचारलं,
"शेवटचं कोण आहे?"